सौर दिव्याची कार्यशाळा : मुलांच्या हाती उजेडाचा जमाखर्च

भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या रात्री मल्ल आणि लिच्छवी गणराजांनी, ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून, दीप उजळले अशी कथा कल्पसूत्रात आहे. त्या दिव्यांशी आपल्या व्यापारी घरांनी आणखी एक गोष्ट जोडून ठेवली, ती म्हणजे नव्या वहीचे पूजन. दिवा आणि हिशेबाची वही एकाच पाटावर येतात, असे सण जगात फार थोडे असतील. गेल्या काही वर्षांपासून शाळा-महाविद्यालयांतून मुलांच्या हातांनी एक निराळाच दिवा तयार होऊ लागला आहे. तो उन्हावर चालतो, आणि नीट शिकविला तर मुलाला जमाखर्चही शिकवितो. या सौर दिव्याच्या कार्यशाळा नेमक्या काय देतात आणि आपल्या समाजाने त्या भरवाव्यात काय, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

या चळवळीचे मोठे श्रेय आयआयटी मुंबई या संस्थेला आणि तेथे प्राध्यापक म्हणून काम केलेले डॉ. चेतनसिंह सोलंकी यांना द्यावे लागते. सोलंकी मूळचे मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यातल्या एका लहान गावचे. बेल्जियममध्ये सौरघटांवर संशोधन करून ते परतले. २०१४ च्या सुमारास आयआयटी मुंबईने शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांची योजना हाती घेतली. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि ओडिशा ही चार राज्ये तीत होती. पुढे केंद्र शासनाच्या साहाय्याने सत्तर लाख दिव्यांची योजना आसाम, बिहार, झारखंड, ओडिशा आणि उत्तर प्रदेश या राज्यांत गेली.

संख्येपेक्षा या योजनेची रचना अधिक लक्ष देण्याजोगी आहे. दिवे कारखान्यातून तयार होऊन आले नाहीत. सुटे भाग आले आणि त्यांची जुळणी गावांतल्या, बऱ्याच ठिकाणी बचत गटांतल्या, स्त्रियांनी प्रशिक्षण घेऊन केली. दुरुस्तीची सोयही त्याच भागात उभी राहिली. दिवा फुकट दिला गेला नाही, विद्यार्थ्याने शंभर-सव्वाशे रुपये भरावयाचे होते. रक्कम लहान, परंतु व्यवहार जाणणाऱ्या माणसाला तिचे मर्म लगेच कळेल. पैसे मोजून आणलेली वस्तू बिघडली की माणूस दुरुस्तीला नेतो. फुकट मिळालेली अडगळीत टाकतो.

मग २ ऑक्टोबर २०१८ रोजी, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीवर्षाच्या आरंभी, मुंबईत पाच हजारांहून अधिक विद्यार्थी एकत्र बसले आणि प्रत्येकाने आपापला सौर दिवा जोडला. या कार्यक्रमाची गिनेस बुकात नोंद झाली. पुढच्या वर्षी त्याच दिवशी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये तसाच मेळावा भरला. या उपक्रमात मुलांनी आपण जोडलेले दिवे लावून शपथ घेतली, ती पर्यावरणाप्रति अहिंसेची. जैन वाचकाला हा शब्द परका नाही. तो तंत्रज्ञानाच्या कार्यशाळेत ऐकू यावा, याचे मात्र कुणालाही कौतुक वाटेल.

येथे एक आक्षेप रास्त आहे. दिवा ही आता कुणाची गरज आहे काय? योजना सुरू झाली तेव्हा खेड्यांतील कित्येक घरे रॉकेलच्या चिमणीवर होती. साध्या वातीच्या चिमणीत जळणाऱ्या रॉकेलपैकी सात ते नऊ टक्के भाग काजळीच्या सूक्ष्म कणांत बदलतो, असे संशोधकांनी मोजले आहे. ती काजळी अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या छातीत जात होती. त्यानंतर २०१७ च्या सौभाग्य योजनेने वीजजोडण्या घरोघर पोहोचविल्या. आज पुण्या-कोल्हापुरातल्या सदनिकेत राहणाऱ्या मुलाला अर्ध्या वॉटच्या दिव्याची गरज नाही, हे खरेच. परंतु कार्यशाळेचे मोल उजेडात शोधले तर हाती काही लागणार नाही. ते त्या दिव्याच्या जुळणीत आहे.

दिवा जुळतो कसा

कार्यशाळा साधारण अडीच-तीन तासांची असते. प्रत्येक मुलासमोर एक लहानसे सौर पॅनेल, एक लिथियम बॅटरी, बोटभर लांबीचे सर्किट, एलईडी, बटण, लाल व काळी वायर आणि प्लॅस्टिकचे खोके ठेवलेले असते. चारपाच मुलांत मिळून एक सोल्डरिंगची गन आणि एक मल्टिमीटर. दहा वर्षांवरील मुलाला हे काम जमते. गन हाताळताना मात्र शेजारी मोठे माणूस हवे.

आरंभ पॅनेलपासून व्हावा. सिलिकॉनचा एक सौरघट, लहान असो वा मोठा, उन्हात जेमतेम अर्धा व्होल्ट दाब देतो. बॅटरी भरावयास पाच-सहा व्होल्ट लागतात. म्हणून दहा-बारा पट्ट्या एकापुढे एक, साखळीसारख्या जोडलेल्या असतात. मूल पॅनेल उन्हात धरते, मल्टिमीटरची टोके लावते आणि आकडा वाचते. मग शिक्षक सांगतात, ‘आता फक्त एका पट्टीवर बोट ठेव.’ बारापैकी एकच पट्टी झाकली, तर बाराव्या हिश्शाएवढेच नुकसान व्हावे असा मुलाचा अंदाज असतो. प्रत्यक्षात सगळा प्रवाह कोसळतो, कारण साखळीत प्रत्येक पट्टीतून तोच प्रवाह जावा लागतो. गच्चीवरील लाखमोलाच्या सौरसंचावर पाण्याच्या टाकीची सावली पडू देऊ नये, हे त्या मुलाला आता कुणी सांगावे लागत नाही. पुस्तकातील दोन पाने वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते एका बोटाने शिरते.

त्यानंतर बॅटरी. मोबाइलमध्ये असते त्याच जातीची, सुमारे पावणेचार व्होल्टची. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणारे छोटे सर्किट हे या संसारातले सर्वांत शहाणे माणूस समजावे. बॅटरी पूर्ण भरली की ते आवक थांबविते, आणि बॅटरी फार खाली जाऊ लागली की दिवा बंद करते. खात्यात किमान शिल्लक राखावी लागते, तसाच हा प्रकार. शिल्लक तळाला गेली तर बॅटरीचे आयुष्य घटते.

सोल्डरिंगला वेळ द्यावा लागतो. मुले पहिल्यांदा शिसे-कथलाचा गोळाच्या गोळा ओततात, तो वायरीवर नुसता बसून राहतो आणि हलकेच ओढले की निघून येतो. आधी वायर आणि तांब्याचा भाग तापवावा, मग धातू तेथे आपणहून पसरतो, हे हाताला कळेपर्यंत दोनतीन सांधे फुकट जातात. ते जाऊ द्यावेत. घाई झालेले संयोजक येथेच आयते जोडलेले सांधे देतात, आणि मुलाच्या वाट्याला खोक्याचे झाकण लावण्यापुरते काम उरते. अशा कार्यशाळेला कार्यशाळा म्हणू नये. खोली मात्र हवेशीर असावी, आणि काम संपल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत, कारण नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते. शिसेविरहित सोल्डरही मिळते, थोडे महाग पडले तरी मुलांसाठी तेच आणावे.

मग बटण दाबले जाते. पहिल्या खेपेस निम्मे दिवे लागत नाहीत. कुणाच्या वायरी उलट्या, कुणाचा सांधा कच्चा. चूक शोधण्याचा तो अर्धा तास हाच कार्यशाळेतील सर्वांत मोलाचा अर्धा तास असतो, मात्र संयोजकांच्या वेळापत्रकात तो बहुधा चहासाठी राखून ठेवलेला असतो.

एका दिवसाची कमाई

दिवा लागल्यानंतर कागद-पेन्सिल घ्यावी. येथून पुढचा भाग व्यापाऱ्याच्या मुलांना इतरांपेक्षा चांगला समजेल.

एक वॉटचे पॅनेल घेऊ. चांगल्या उन्हाचे पाच तास धरले तर दिवसाची आवक पाच वॉट-तास. उष्णतेत, सर्किटमध्ये आणि बॅटरीच्या भरण्या-उपसण्यात तीस टक्के घट धरावी. ही या धंद्यातली दलाली, ती चुकत नाही. हाती उरतात साडेतीन वॉट-तास. अर्ध्या वॉटचा एलईडी त्यावर सात तास चालतो. मूल खूश होते. एका दिवसाच्या उन्हात सात तासांचा उजेड!

आता हीच कमाई घरातल्या इतर उपकरणांवर खर्च करून पाहावी. जुना साठ वॉटचा बल्ब ती साडेतीन मिनिटांत संपवितो. छताचा साधा पंखा तीन मिनिटांच्या आत. मोबाइलची बॅटरी एकदा पूर्ण भरावयाची तर पाच दिवसांची कमाई जाते. पंधराशे वॉट खाणारे वातानुकूलन यंत्र ही सबंध दिवसाची पुंजी आठ सेकंदांत गिळते. दोन हजार वॉटच्या गीझरने वीस मिनिटे पाणी तापविले, तर या दिव्याची सहा महिन्यांहून अधिक काळाची मिळकत खर्ची पडते. आणि विजेच्या बिलावर ज्याला आपण ‘एक युनिट’ म्हणतो, त्या एका युनिटसाठी हे पॅनेल सुमारे दोनशे पंच्याऐंशी दिवस उन्हात ठेवावे लागेल, तेही एकही दिवस ढगाळ न जाता.

हे आकडे मुलाला सांगू नयेत, त्यालाच काढू द्यावेत. आपल्या घरचे मागील महिन्याचे बिल त्याने सोबत आणलेले असावे. तीनशे-चारशे युनिटांचा आकडा तोवर त्याला निरर्थक होता. आता त्याच्यापाशी माप आले. स्वतःच्या हातांनी घडविलेल्या, चटका सोसून जोडलेल्या वस्तूचे ते माप असल्याने ते विसरले जात नाही. युनिटचे दर आपल्याला ठाऊक असतात, बिल वेळेवर भरले की आपण मोकळे होतो. परंतु आपल्या देशात अजूनही बहुतांश वीज कोळशावर होते, आणि तेथे एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. कोराडी-चंद्रपूरची धुराडी बिलावर छापलेली नसतात.

विजेत तेजस्कायाचे जीव मानावेत की मानू नयेत, याविषयी आपल्या परंपरांत मतभेद आहेत. तो निर्णय आचार्यांचा. श्रावकापुढचा प्रश्न त्याहून साधा आहे आणि त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. बारा व्रतांतील अनर्थदंडविरमण व्रत निष्प्रयोजन हिंसेचा त्याग सांगते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात प्रमादचर्येचे वर्णन येते, त्यात विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे आणि वनस्पती तोडणे यांची गणना आहे. रिकाम्या दालनात चालू राहिलेला पंखा आणि दुकान बंद झाल्यावर रात्रभर जळणारी पाटी यांना या यादीत जागा शोधावी लागत नाही. भोगोपभोगपरिमाण व्रतात आपण वस्त्रांची, भाज्यांची, वाहनांची मर्यादा घेतो. युनिटांची मर्यादा घेतल्याचे ऐकिवात नाही. कदाचित तिचे मापच कुणाजवळ नव्हते म्हणून.

डॉ. सोलंकी यांनीही पुढे याच वळणाचा विचार मांडला, हे विशेष. लाखो दिवे वाटून झाल्यावर, केवळ सौरऊर्जा वाढवून भागणार नाही असे ते सांगू लागले. आधी टाळा, मग कमी करा आणि उरलेले तेवढे निर्माण करा, हा त्यांचा क्रम आहे. २०२० च्या नोव्हेंबरात भोपाळहून त्यांनी सौरऊर्जेवर चालणाऱ्या बसमधून यात्रा आरंभिली आणि २०३० पर्यंत घरी न परतण्याचा संकल्प केला. सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालण्याची त्यांच्या संस्थेची मोहीम २०२४ मध्ये देशातील वैज्ञानिक प्रयोगशाळांपर्यंत पोहोचली. आपल्या साधु-साध्वींना बिनइस्त्रीच्या वस्त्रांत आयुष्यभर पाहणाऱ्या समाजाला या मोहिमेचे नवल वाटू नये. पण लग्नसराईत सगळ्यांना त्याचा सोयीस्कर विसर पडतो, तो भाग निराळा.

बंद पडलेल्या दिव्यांचे काय?

आता अप्रिय बाजू. आपला समाज दानशूर आहे, त्यामुळे अशा उपक्रमांचे आपल्याकडे जे रूप होते ते ओळखीचे आहे. पाचशे तयार दिवे विकत घ्यावयाचे, दात्याच्या नावाची चिकटपट्टी लावावयाची, एखाद्या आश्रमशाळेत नेऊन वाटावयाचे, छायाचित्र मासिकाकडे पाठवावयाचे. दोन वर्षांनी त्या दिव्यांची अवस्था कुणी पाहावयास जात नाही. लहान लिथियम बॅटरीचे आयुष्य सामान्यतः दोन-तीन वर्षांचे असते. स्वस्त संचांतील पॅनेलवर काचेऐवजी राळेचा थर असतो, तो उन्हाने पिवळा पडतो आणि आवक वर्षागणिक घटते. पाचशे दिवे म्हणजे पाचशे बॅटऱ्या, आणि त्या कचऱ्यात गेल्या तर आगही लावतात, माती-पाणीही नासवितात. ज्या उपक्रमाचा आरंभ पर्यावरणाच्या नावाने झाला, त्याच्या ताळेबंदात ही देणी दाखविलीच पाहिजेत.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी बॅटरी परत घेऊन तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. संच विकत घेताना विक्रेत्याला हा प्रश्न लेखी विचारावा. दुकानदारी करणाऱ्यांना मालाची परतफेड कशी ठरवून घ्यावी, हे शिकवावयास नको. बॅटरी सर्किटला सोल्डर केलेली नसून खाचेत बसविलेली असावी, म्हणजे ती सहज बदलता येते. झाकण चिकटविलेले नसावे, स्क्रूचे असावे. एवढी पथ्ये पाळली तर दिवा फेकण्याची वेळ फार उशिरा येते.

दुरुस्ती शिकलेला माणूस गावात असणे, हे दिव्याहून मोठे भांडवल आहे. राजस्थानात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजात निरक्षर, अर्धसाक्षर, बहुधा आजीच्या वयाच्या स्त्रिया सहा महिने राहून सौर उपकरणांची जुळणी आणि दुरुस्ती शिकतात. त्या आफ्रिकेतूनही येतात. भाषा एकमेकींना कळत नाही म्हणून वायरींचे आणि भागांचे रंग, खुणा आणि हातवारे यांवर शिक्षण चालते. दुसरे उदाहरण वागड प्रांतातील डुंगरपूरचे. सौर दिव्यांची जुळणी करावयास शिकलेल्या तेथील आदिवासी स्त्रियांनी आयआयटी मुंबईच्या मार्गदर्शनाखाली पुढे स्वतःची कंपनी काढली आणि सौर पॅनेल तयार करण्याचा कारखाना चालविला. मजुरीवर आलेल्या बाया भागधारक झाल्या. दान म्हणून दिवे वाटणाऱ्याने या कंपनीची गोष्ट आवर्जून समजून घ्यावी. दिवा एका घरात जातो, कसब मात्र वस्तीभर फिरते.

आपल्या पाठशाळांतून हे सहज करता येईल. प्रथम आपल्याच मुलांनी दिवे जोडावेत, आपल्या घरची बिले काढून बसावे, आणि मगच दुसऱ्या शाळेत जावे. तेही वाटप करावयास नव्हे, तेथील मुलांबरोबर बसून जोडावयास. पंचवीस मुलांच्या एका गटाला सहा गन, सहा मल्टिमीटर आणि दोन जाणती माणसे पुरतात. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी आपलीच मुले-मुली हे काम आनंदाने करतील. हत्यारे पाठशाळेच्या कपाटात राहावीत. त्यांचा पुढे वर्षानुवर्षे उपयोग होतो, आणि त्यांच्या खरेदीचा भार एका लग्नातल्या फुलांच्या सजावटीइतकाही नाही.

अशा उपक्रमांसाठी पर्युषणाचा मुहूर्त सुचविला जातो, तो व्यवहारात बसत नाही. भाद्रपदात आकाश भरलेले असते, मुलाने घरी नेलेला दिवा पहिल्याच रात्री तासाभरात मालवतो आणि उन्हावरचा विश्वास उडतो. दिवाळीची सुट्टी अधिक योग्य. ऊन स्वच्छ असते, मुले मोकळी असतात आणि घरात नवी वही येणारच असते. प्रत्येक मुलाला त्या वेळी एक लहान रोजमेळ द्यावा. दिवा उन्हात किती तास होता, रात्री किती तास चालला आणि महिनाअखेर घराचे युनिट किती झाले, एवढ्या तीन नोंदी पुरे. पुढील पर्युषणात सर्व दिवे आणि सर्व वह्या पाठशाळेत परत आणवाव्यात. बंद पडलेले दिवे त्याच दिवशी, त्याच मुलांनी उघडावेत; बॅटरी गेली असेल तर ती वेगळ्या डब्यात जमा करून विक्रेत्याकडे पाठवावी आणि नवी बसवावी.